दाजींचा उद्या

आमच्या दाजींइतक्या गोड आवाजात नकार देणारा माणूस उभ्या मराठवाड्यात सापडायचा नाही. परंड्याच्या एका कचेरीत ते कारकून आहेत आणि समोर कुणीही उभं राहिलं की मान वर न करता म्हणतात, "उद्या या." दाखला मागणारा म्हातारा असो की लग्नाचं आवतण घेऊन आलेला भाऊबंद, दाजींचा उद्या सगळ्यांना सारखा. एकदा तर घरी गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाच त्यांनी सवयीनं "उद्या या" म्हणून वाटेला लावलं, आणि तो आठवडाभर फिरकला नाही. माझी ताई आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या दवाखान्यात नर्स आहे. त्या आठवड्यात ती ड्यूटी करून, बसमध्ये उभ्यानं घरी येऊन शेजारणीच्या गॅसवर भाकरी करत होती. तिचीही तऱ्हा न्यारीच. नवरा आणि लेक एकदम बोलायला लागले की कपाळाला हात लावून ओरडायची, "गर्दी करू नका, नंबरानं बोला!" नवरा-बायकोला धड भांडायलाही सवड नव्हती. भांडण रंगात आलं की हिची बस तरी यायची, नाहीतर त्यांच्या साहेबांचा फोन.

त्यांची चिमी पहिलीतली. परंड्याचा किल्ला घरापासून हाकेच्या अंतरावर, पण तिला तो बाबांबरोबरच बघायचा होता. "बाबा, किल्ल्यात चला की," ती म्हणायची. दाजी मोबाइलवर कचेरीचं काम उरकत म्हणायचे, "उद्या या." मग चिमी बाहुल्यांची रांग लावून एकेकीला "उद्या या" म्हणून परत पाठवायची. आम्ही पोट धरून हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

पुढं चिमीला सांभाळणाऱ्या मावशी गाव सोडून गेल्या, दोघांच्या रजा संपल्या, आणि तिला तुळजापूरला आमच्या आईकडं ठेवायचं ठरलं. न्यायला मीच गेलो होतो. स्टँडवर दाजी खिडकीचा गज धरून उभे होते. "करमंल की तिथं. आजी लई लाड करती," ते तिला सांगत होते. बस हलली तशी चिमी हुबेहूब त्यांच्याच गोड आवाजात म्हणाली, "बाबा, उद्या या."

त्या वेळी दाजींची मान वर होती.

दुसऱ्या दिवशी चिमी दुपारपासून आमच्या उंबऱ्यावर बसून होती. आईनं जेवायला हाक मारली, मारत राहिली.

"थांब गं आजी," ती म्हणाली. "बाबा येत्यात. कालचा उद्या आजच हाय की."