वाघाला चप्पल दाखवणारी रंजीता

ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यात शेळ्या चारणाऱ्या रंजीताचा आवाज असा खणखणीत, की धानाच्या चार बांध्यांपलीकडचा बैलही मान वर करायचा. पण मागच्या महिन्यात वाघानं गोठ्यातून शेळी उचलली आणि रंजीताची चार वर्षांची लेक दिव्यानी तेव्हापासून एकटी अंगणातही उतरेना.

गावाबाहेर लहानशी सर्कस आली, तेव्हा रंजीता लेकीला जोकर दाखवायला घेऊन गेली. पोर खुदुखुदु हसत होती. तेवढ्यात पडदा हलला आणि डरकाळी फोडत पट्टेरी वाघ रिंगणात आला. सर्कशीत आता खरे वाघ नसतात. पण या भागात वाघ म्हटला की आधी पाय पळतात, डोकं मागून येतं. बाप्ये बाकांवर चढले. रंजीतानं मात्र लेकीला पाठीमागं सारलं, पायातली चप्पल उपसली आणि ती रिंगणात धावली.

“हाड्ड! माह्या पोरीकडे पाह्यतं का रे? हो मांगं!”

वाघ चक्क दोन पायांवर उभा राहिला, स्वतःच्याच शेपटीत अडखळला आणि पडद्याआड पळाला. तंबू हसून लोळला. थोड्या वेळानं वाघाचं मुंडकं काखेत धरून एक घामेजलेला माणूस डोकावला. “गेली का ते बाई?”

रंजीता लाजून अर्धी झाली. दिव्यानी मात्र वाटेत भेटेल त्याला सांगत सुटली, “माह्या आईले वाघ भेला!”

सकाळी रंजीताला दारात एकच चप्पल सापडली. दुसरी हातात घेऊन दिव्यानी एकटीच गोठ्याकडे निघाली होती.

“कुठी चालली वो?”

“शेळ्या सोडाले,” ती मागं न पाहता म्हणाली. “तू ये मांगून.”