उपकेंद्राची जागा

मी चौथी शिकलेली. माझ्या वयाची एवढी शिकलेली बाई गावात दुसरी नव्हती, आणि मला त्याचा ताठा होता. नव्वदनंतर बायकांच्या राखीव जागांचा कायदा आला तेव्हा पॅनेलवाल्यांनी म्हणूनच माझं नाव घातलं. मी ग्रामपंचायत सदस्य झाले. बैठकीला मात्र आमचे मालक जायचे. दोन दिवसांनी शिपाई ठरावांची वही घेऊन घरी यायचा. मी पिठाचे हात धुऊन सही करायचे. दुसरी सदस्य बाई अंगठा उठवायची. तिच्या अंगठ्याशेजारी माझी सही ठसठशीत दिसायची. वर काय लिहिलंय ते मी कधी वाचलं नाही.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, भवानीनगरच्या पलीकडं. बाळंतपणं घरातच व्हायची. बाई अडलीच तर जीप शोधून बारामती गाठायची. अशात गावाला आरोग्य उपकेंद्र मंजूर झालं. जागा ग्रामपंचायतीनं द्यायची होती. नर्सबाई मला मुद्दाम भेटायला आल्या. रस्त्याकडेचीच जागा द्या, गाडी दारात आली पाहिजे, असं त्यांनी बजावलं. बायकांच्या गोष्टी बायकांनी बोलाव्यात म्हणून कायद्यानं तुम्हाला तिथं बसवलंय, हेही ऐकवलं. मी मान डोलावली.

तशी जागा बौद्धवस्तीतली एक बाई द्यायला तयार होती. तिचे दोन गुंठे डांबरी रस्त्याला लागून होते. तिची सून नुकतीच नांदायला आली होती. माझ्या सुनेपासून सुरुवात होऊ दे, असं ती हसून म्हणायची.

ठराव झाला तो ओढ्यापलीकडच्या गायरानाचा. तिकडं जायला उसातून पायवाट होती.

आठ दिवसांनी ती बाई ठरावाची नक्कल घेऊन आमच्या अंगणात आली. तिनं ती अक्षरं जुळवत सगळ्यांदेखत वाचली. जागा बौद्धवस्तीत असल्यानं गावातील स्त्रिया तिथे बाळंतपणास जाणार नाहीत, असे महिला सदस्यांचे मत आहे. सूचक म्हणून खाली माझं नाव होतं.

"वैनी, हे तुमी म्हणाला?"

मी पहिल्यांदाच ऐकत होते. पण मालक बाजेवर बसलेले, जावा दारात उभ्या. वाचलं नाही म्हणावं, तर माझी चौथी आणि त्या दुसऱ्या सदस्य बाईचा अंगठा सारखाच ठरला असता.

"व्हय," मी म्हणाले. "मीच म्हणाले."

तिनं कागदाची घडी घातली आणि ती गेली.

तिची पाठ फिरल्यावर मी मालकांना विचारलं, माझ्या नावानं हे कोणी लिहिलं. ते हसले. "तू कवा वाचलंयस, म्हून तुला सांगायचं?" मी भाकरी करायला आत गेले. पुढच्या बैठकीत जाऊन मला ते खोडता आलं असतं. तेही मी केलं नाही.

उपकेंद्र गायरानातच बांधलं गेलं. दुसऱ्या वर्षी श्रावणात त्या बाईच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा ओढा दोन्ही काठ भरून वाहत होता. नर्सबाई पलीकडं आणि सून अलीकडं. शेवटी साखर कारखान्याच्या वाटेवर एक जीप मिळाली. बारामतीच्या अलीकडंच मूल झालं. ते रडलं नाही. सून वाचली.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. त्या वस्तीत मी तोवर पाऊल टाकलं नव्हतं. तिनं चहा केला, मी प्याले. मग मी सांगितलं, त्या दिवशी मी खोटं बोलले. मी ते वाचलंच नव्हतं, नुसती सही केली होती.

तिनं माझी रिकामी कपबशी उचलून बाजूला ठेवली.

"मला वाटलं, तुमचं मतच तसं हाय," ती म्हणाली. "म्हणून मी गप बसले. वाचलं न्हाय एवढंच त्या दिशी सांगितलं असतं, तर आपण दोघी भाऊसाहेबाकडं गेलो असतो."

भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक. त्यांचं कार्यालय माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं.

आतल्या खोलीत सून भिंतीला टेकून बसली होती. दूध जिरावं म्हणून तिच्या छातीला घट्ट फडकं बांधलं होतं. तिनं सगळं ऐकलं होतं.