आधी शेवटचं पान

बमरोलीच्या चाळीत सरलाबाईंइतकं पोथ्यांचं वेड कुणाला नव्हतं आणि त्यांच्याइतकी घाईही. पोथी घरात आली की त्या आधी शेवटची फलश्रुती ऐकत. फळ पटलं तरच पहिला अध्याय. एरवी नवऱ्याच्या, लोटूच्या कानात धाकट्या जावेबद्दल काहीबाही घालत.

एकोणीसशे चौऱ्याण्णवला प्लेगमुळे शहरातले कापडाचे लूम बंद पडले. घरी बसलेल्या लोटूला लूमवरच्या यासीनमास्तरांनी मराठी कुराण दिलं. “हात धुऊन, निवांत वाचा,” एवढंच ते म्हणाले.

बाईंनी पुस्तक धुतलेल्या पाटावर ठेवलं. “आधी शेवट वाचा. काय भेटतं ते कळू द्या.”

लोटूने शेवटचं पान काढलं. “भेटत काही नाही. इथं मागणं आहे. जो मनात हळूच कुजबुजून वाईट भरवतो, त्याच्यापासून देवा, वाचव.”

“कोण कुजबुजतो?”

“जिन असतो म्हणे. नाहीतर,” लोटूने ओळीवर पुन्हा बोट फिरवलं, “माणूसही असतो, असं लिहिलंय.”

जावेची ताजी बातमी बाईंच्या अगदी ओठांवर आली होती, ती त्यांनी गिळली.

“पहिल्यापासून वाचा,” त्या म्हणाल्या, तेही चांगल्या खणखणीत आवाजात.