कसर

माझ्या फौजी मामांसारखा थंडीशी वैर धरलेला माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात दुसरा नसेल. उमेदीची वर्षं लेहच्या बर्फात काढून ते पाटणजवळच्या आपल्या गावी परतले, ते पेन्शन आणि हे वैर सोबत घेऊन. मे महिन्यातही त्यांच्या डोक्यावर माकडटोपी असायची. पाहुणा उंबऱ्यावर आला की त्याला ‘या’च्या आधी ‘दार लावा’ ऐकू यायचं. तापाने फणफणलेल्या माणसाचं कपाळ बघावं तसा ते भिंतीला हाताचा पालथा पंजा लावायचे आणि मान हलवायचे. फटी शोधायला त्यांच्याकडे उदबत्ती होती. ती पेटवून ते दारं, खिडक्या, कोपरे असे फिरायचे आणि धूर जिथे वाकेल तिथे खडूने फुली मारायचे. शेजारच्या काकींना वाटलं, फौजी उतारवयात देवाला लागले. त्या मागे हात जोडून उभ्या राहिल्या, तर मामा म्हणाले, “काकी, जरा सरका. तुमच्या पदराचं वारं लागतंय.”

हे वैर विनोदाचं राहिलं नाही ते मामीमुळे. तिची फुप्फुसं आतून कडक होत चालली होती. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ओल आणि गारठा टाळा, हा पावसाळा जपा. आईने तिला सांगलीत आमच्याकडे राहायला बोलावलं, पण मामी घर सोडायला तयार नव्हती. ते घर म्हणजे उतारावरचं जुनं दगडी घर, खाली तळघर. तिथे पूर्वी म्हशी असायच्या आणि त्यांच्या उबेने वरची फळ्यांची जमीन कोमट राहायची. म्हशी विकल्या आणि खालून नुसती ओल वर येऊ लागली.

मामांनी मोहीम आखली. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होणारं, म्हणून आईने मला महिनाभर मदतीला पाठवलं. मी पहिल्याच दिवशी, फार धीर करून, या प्रकाराला इन्सुलेशन म्हणतात असं सांगितलं. मामा म्हणाले, “आमी गोधडी म्हंतो. माणसाला घालत्यात, आपुन घराला घालू.” तळघर भाताच्या तुसाच्या पोत्यांनी छतापर्यंत भरलं. मामी झोपायची त्या मधल्या खोलीच्या चारी भिंतींना आतून फळ्या ठोकायच्या आणि फळी-भिंतीमधल्या पोकळीत लोकर भरायची, असं ठरलं. लोकर आली म्हसवडहून. मामांच्या पलटणीतला एक जोडीदार तिकडचा, मेंढरं राखणारा. लोकर हल्ली कुणी घेत नाही, कातरून टाकूनच देतात म्हणून त्याने टेम्पो भरून पाठवली. घराला मेंढवाड्याचा वास सुटला. गल्लीतला कुत्रा भिंतीकडे तोंड करून राखणीला बसू लागला.

“कुटंच कसर ठिवायची न्हाई,” असं मामा पोतं सोडताना प्रत्येक वेळी म्हणायचे. मामी खाटेवरून म्हणायची, “आवं, लोकरीला कसर लागतीच.” मला कसरीचा एकच अर्थ माहीत होता. लोकर कमी पडतेय असं समजून मी म्हणाले, “मग अजून दोन पोती मागवूया ना.” मामी इतकी हसली की तिला ढास लागली. हसू पार विरलं तरी खोकला थांबेना. मामांनी तिची पाठ चोळली, आणि श्वास जागेवर आल्यावर तीच मला म्हणाली, “किडा असतो गं बाय, बारका. लोकर खातो. विंग्रजी शाळंत न्हाई का शिकवत?” मामांनी त्याच दुपारी कडुलिंबाचा वाळला पाला आणून लोकरीत थराथराने घातला. त्यानंतर तिला हसवायचं नाही असा घरात नियम झाला. तो सगळ्यात जास्त मामीच मोडायची.

खोली खरंच उबदार झाली. मामी एका पांघरुणात झोपू लागली, तिच्या बोटांची निळसर झाक थोडी कमी झाली. तिचा आवाज खोल गेला होता, म्हणून मामांनी तिच्या हाताशी स्टीलची थाळी आणि चमचा ठेवला. काही लागलं तर वाजवायचं. दार उघडं असलं की थाळी अंगणात ऐकू यायची. मी निघाले त्या दिवशी मामा अभिमानाने म्हणाले, “दार लावलं की भाईरचं आत न्हाई, आतलं भाईर न्हाई. एकदम पॅक.”

श्रावणात एका दुपारी वारा सुटला म्हणून त्यांनी मधल्या खोलीचं दार लावलं आणि भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात चहा ठेवला. चहा घेऊन आत गेले तेव्हा मामी गेली होती. थाळी मांडीवर होती आणि चमचा हातात.

मामीचं तेरावं झाल्यावर मी पुन्हा गेले. मामांच्या डोक्यावर टोपी नव्हती. दारं सताड उघडी होती. स्वयंपाकघराच्या भिंतीला त्यांनी पार मधल्या खोलीत निघेल असं ताटलीएवढं भोक पाडलं होतं. कडेने लोकर लोंबत होती आणि तिच्यातून बारीक, करडे किडे उडत होते. मामांनी त्यांना हाकललं नाही.

“एवढीच कसर ऱ्हायली व्हती,” ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, “आत जा. दार लाव. खाटंवर बस आन् थाळी वाजीव.”

मी गेले. दार लावलं, थाळी मांडीवर घेतली आणि चमचा मारला.

“ऐकू येतंय,” भोकातून मामांचा आवाज आला. मग, “आजून हळू. तिच्यात एवढा जोर नव्हता.”

मी हळू मारला.

“आजून.”

मी चमचा थाळीला नुसता टेकवला. माझं मलाही नीट ऐकू आलं नाही.

भिंतीपलीकडून मामा म्हणाले, “आलो.”