सिहोऱ्याच्या पाव्हण्यांपुढे कॉम्प्युटरचं पारायण

माझ्या लग्नाची बोलणी ज्या मजकुरावर ठरली, त्यातलं एक वाक्यही मला समजत नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी आंधळगावचा, तुमसरच्या एका राइस मिलमध्ये कारकून. शेठजींचा मुलगा बाहेर शिकून आला आणि येताना कॉम्प्युटर घेऊन आला. अख्ख्या मिलमध्ये टायपिंगची परीक्षा पास झालेला मी एकटाच (दुसऱ्या खेपेला), म्हणून मला पंधरा दिवस नागपूरला शिकायला धाडलं. तिथले सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "हुकूम पाठ करू नका. अडलं की मशीनलाच विचारा." ‘मॅन’ असं टाइप करायचं (हे मॅन्युअलचं लाडाचं नाव), एक जागा सोडायची, पुढे हुकमाचं, म्हणजे कमांडचं, नाव लिहायचं, की त्या हुकमाची साग्रसंगीत माहिती पडद्यावर हजर! कीबोर्डवरची लांब पट्टी दाबली की पुढचं पान, क्यू दाबलं की बाहेर. ही सोय मला इतकी आवडली, की उरलेले चौदा दिवस मी फारसं काही शिकलोच नाही. अडचण एवढीच होती, की ती माहिती इंग्रजीत असायची, आणि माझं इंग्रजी मॅट्रिकला ज्या काठावर पास झालं, त्याच काठावर अजून पाय सोडून बसलं होतं.

तरी माझं काही अडत नव्हतं. मिलच्या रोजच्या कामाला सहा हुकूम पुरायचे, ते मी वहीत लिहून ठेवले होते. कोणी कॉम्प्युटरच्या खोलीच्या काचेबाहेरून बघायला लागलं की मी पटकन एखाद्या हुकमाचं मॅन्युअल उघडायचो आणि कपाळाला आठ्या घालून हिरव्या अक्षरांकडे बघत बसायचो. हमाल मला साहेब म्हणायला लागले होते.

अशातच सिहोऱ्याचं स्थळ आलं. मी मुलगी पाहून आलो. सुनंदानं चहाचा कप पुढे केला, किंचित हसली, आणि मी बशीऐवजी मांडीवर चहा ओतून घेतला. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. आमच्याकडून होकार गेला. आता मुलीकडच्यांनी आमचं घर पाहायला यायचं होतं.

तिचे वडील श्रावणजी हे धानाची मोठी शेती असलेले, पण संशयी गृहस्थ. कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं होतं, की कॉम्प्युटर आला की माणसं घरी बसतात. त्यांनी निरोप धाडला, "घर मंग पाहू. आधी ते मशीन पाहू." म्हणून एका रविवारी, मिल बंद असताना, शेठजींच्या मुलाकडून किल्ली मागून मी पाहुण्यांना आत नेलं. श्रावणजी, त्यांची थोरली बहीण वत्सलाबाई आणि खास आंधळगावहून आलेले आमचे बाबा. आंधळगावला घरी माय जेवणाची तयारी करून वाट बघत होती.

मिलमधला कोंडा मशीनवर बसू नये म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत. आत एअर कंडिशनरचा गारवा, मंद उजेड, कोपऱ्यात मिणमिणणारा लाल दिवा. बाबांनी आत पाऊल टाकलं आणि सवयीनं टोपी सारखी केली. आमचे बाबा म्हणजे श्रावणात गावच्या देवळात पोथी वाचणारे. तीस वर्षांत एक अध्याय कधी अर्धा सुटला नव्हता.

श्रावणजींनी बसल्याबसल्या मुद्द्याला हात घातला. "मशीनले सारं येते म्हन्ता. मंग उद्या तुमाले काढून टाकलं तं आमच्या पोरीनं काय कराचं?"

"मशीन सारं सांगते जी," मी म्हणालो, "पन समजून घ्याले मानूसच लागते."

हे वाक्य मला फार छान सुचलं असं वाटलं. श्रावणजी म्हणाले, "बरं. मंग दाखवा समजून."

मी तारीख दाखवणाऱ्या हुकमाचं मॅन्युअल काढणार होतो. ते जेमतेम दीड पानाचं होतं आणि त्यातलं अर्धं मला पाठ होतं. पण श्रावणजींनी मध्येच विचारलं, "गावाले पाटील असते, तसा याईच्यात मुख्य कोन?" आता मुख्य हुकूम म्हणजे बाकी सगळ्या हुकमांना कामाला लावणारा. त्याचं मॅन्युअल मी जन्मात उघडलं नव्हतं. तरी ऐटीत उघडलं. म्हटलं, दोन पानं दाखवू आणि क्यू दाबून बाहेर पडू.

पहिल्या पानावर मी ठोकून दिलं, दुसऱ्यावर रेटलं आणि तिसऱ्यावर माझं बोट क्यूकडे गेलं. बाबांनी माझं मनगट धरलं.

"का करून राहिला?"

"बंद करतो, बाबा."

"अध्याय अर्धा सोडते का कोनी? आनि तेबी शुभ कामाले निंगाल्यावर?"

"बराबर आहे," श्रावणजी हात जोडून म्हणाले. "पुरा होऊ द्या. आमी बसतो."

बाबांच्या नियमाप्रमाणे अध्याय संपेपर्यंत कोणी उठायचं नसतं. आणि माझा अध्याय किती लांब आहे, हे मलाही ठाऊक नव्हतं!

मग मी जे सुरू केलं, त्याची आठवण आली की आजही कानशिलं तापतात. पानातला ओळखीचा एखादा शब्द पकडायचा आणि त्यावर अख्खं पान उभं करायचं. ‘पाइप’ दिसला. मी म्हणालो, एका हुकमाचं पाणी दुसऱ्या हुकमात सोडायचं, जसं आपण धानाच्या शेतात वरच्या बांधीतलं, म्हणजे वरच्या तुकड्यातलं, खालच्या बांधीत सोडतो. श्रावणजी एकदम पुढे सरकले. "हे तं आमच्या धानाचंच आहे." मग ‘पेरेंट’ आणि ‘चाइल्ड’ आले. मी सांगितलं, पोरगं काम करते आणि ते होईपर्यंत बाप थांबून राहते. बाबा म्हणाले, "आमच्या घरी उलटं आहे." मग ‘किल’ आला, आणि मी धानात रानडुक्कर सोडलं. ते पुढची सहा पानं धुमाकूळ घालत होतं.

श्रावणजी खूश होते. खुशीतच मागे वळून म्हणाले, "अक्का, तू तीस वर्सं पोरीईले इंग्रजी शिकवलं. पोरगा बराबर सांगून राहिला का?"

माझं बोट पट्टीवरच थिजलं. वत्सलाबाई मास्तरीण आहेत, तीही इंग्रजीची, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. चष्म्याआडून त्या मघापासून पडद्यावरची प्रत्येक ओळ वाचत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "सांगू द्या त्यांना. मधात बोलू नये."

यानंतरची पानं मी कशी वाचली ते मला माहीत नाही. तासाभरानं श्रावणजींनी गारठ्यानं दुपट्टा कानाला गुंडाळला. बाबांनी पाय वर घेतले. घरी मायच्या भाताचं काय झालं असेल, हा विचार सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता, पण उठायची सोय नव्हती. आणि चाळिसाव्या पानावर असताना तुमसरची वीज गेली.

पडदा काळा झाला. मी मनातल्या मनात वीज मंडळाचे आभार मानले. तेवढ्यात अंधारातून बाबांचा आवाज आला, "खंडित झालं. आता पयल्यापासून वाचा लागते."

"वाचू ना," श्रावणजी म्हणाले. "माया ध्यानात आहे सारं. आधी बांधी, मंग बाप-पोरगा, मंग डुक्कर. मी मोजतो, तुमी सांगा."

खरं पुन्हा सांगता येतं. थापेला पहिल्या खेपेचा क्रम कुठून आणायचा? वीज आली की दहा मिनिटांत माझं बिंग फुटणार होतं. समजून घ्यायला माणूस लागतो म्हणणाऱ्या माणसालाच काही समजत नाही, हे कळल्यावर सिहोऱ्याचा रस्ता मला कायमचा बंद होता.

तेव्हा वत्सलाबाई उठून उभ्या राहिल्या. "संपलं होतं ते," त्या म्हणाल्या. "शेवटी नुसती सूची होती. सूची वाचत नसतात."

बाबांनी विचारलं, "तुमी सोता पायलं?"

"शेवटच्या ओळीपर्यंत."

बाबांचं समाधान झालं. त्यांनी काळ्या पडद्याला नमस्कार केला, श्रावणजींनीही केला, आणि मंडळी भाताच्या ओढीनं बाहेर पडली. मी मागे राहून कुलूप लावत होतो. वत्सलाबाई चप्पल घालता घालता हळूच म्हणाल्या, "मनोहरराव, चाळीस पानांत तुम्ही दोन गोष्टी बरोबर सांगितल्या. बांधीची आणि बापाची. बाकीचं कुठून आणलं?"

"मला इंग्रजी येत नाही, आत्याबाई," मी खरं सांगून टाकलं. "पण हे स्थळ मोडू नये असं फार वाटत होतं."

त्यांनी दुसरी चप्पल पायात सरकवली. "दर रविवारी माझ्याकडे यायचं. लग्नापर्यंत. वही आणि पेन्सिल घेऊन."

आपलं लग्न ठरलं, हे मला असं कळलं. पुढचे पाच महिने मी दर रविवारी त्यांच्या ओसरीवर बसून मॅट्रिकचं इंग्रजी नव्यानं शिकलो. दोन वर्षांनी मिलमध्ये दुसरी मशीन आली, वहीतले सहाच्या सहा हुकूम बाद झाले, आणि तेव्हा मी खरोखर मॅन्युअल वाचून, एकेक पान समजून घेत काम निभावलं. तेव्हा नोकरी टिकली ती आत्याबाईंमुळे. माझ्या घरच्या भातावर त्यांचा उपकार आहे, आणि तो फिटावा असं मला वाटतही नाही. एकदा पत्रातून मी हे सगळं त्यांना कळवलं. उलट टपाली पत्र आलं, त्यात माझ्याच पत्रातल्या चार चुका दुरुस्त केलेल्या होत्या.

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात, माझं इंग्रजी जरा उजळल्यावर, मी सुनंदाला त्या काचेच्या खोलीत नेलं. चपला काढल्या, तोच मुख्य हुकूम उघडला आणि पहिल्या पानापासून अगदी सूचीपर्यंत शब्दाला शब्द लावून खरा अर्थ सांगितला. तिनं पदर कानावरून घेऊन निमूटपणे ऐकून घेतलं. मी छाती फुगवून विचारलं, "कसं वाटलं?"

"माया बाबांनं घरी येऊन सांगितलं होतं, ते आयकून मी हो म्हटली," सुनंदा म्हणाली. "हे आधी आयकलं असतं, तं इचार करा लागला असता."