कोरडं बॉनेट

या सदरातले अनुभव मी इतकी वर्षं चहाबरोबर करमणूक म्हणून वाचत आलो. ‘रस्त्यात बाई दिसली, मागे वळून पाहिलं तर नव्हती’ असलं काही वाचलं की मला पहिला प्रश्न पडायचा तो सांगणाऱ्याच्या चष्म्याच्या नंबराचा. मी मेकॅनिकल इंजिनियर. मूळचा अकोल्याचा, पण एका सरकारी कारखान्याच्या नोकरीत सव्वीस वर्षं झाशीत गेली. त्यामुळे खाली लिहिलंय ते घाबरवण्यासाठी नाही. जे मोजलं, ते लिहितोय.

बायको वसुधा इथल्याच जुन्या मराठी घरातली. तिचं मराठी अर्धं माहेरचं, अर्धं हिंदी. दोन हिवाळ्यांपूर्वी तिचं डायलिसिस सुरू झालं... सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातची पाळी. सेंटर घरापासून चार-साडेचार किलोमीटर. आमची छोटी पेट्रोल गाडी कॉलनीत उघड्यावरच उभी असते.

आता थोडं तांत्रिक, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

थंडीत गाडीचं मायलेज पडतं. इंजिन गार असतं, ऑइल घट्ट झालेलं असतं, आणि इंजिन तापेपर्यंत गाडीचा कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. टायरची हवा उतरते, बॅटरी मंदावते, धुक्यात लाइट आणि काचेवरचा पंखा चालू ठेवावा लागतो. लांब गेलात तर हे फारसं जाणवत नाही, कारण एकदा तापलेलं इंजिन तापलेलंच राहतं. पण चार किलोमीटरचीच फेरी असेल तर गाडी तापते न तापते तोच पोचता. शिवाय हीटरची ऊब इंजिनचीच असते. म्हणजे छोट्या फेरीत हीटरसुद्धा सेंटरच्या गेटपर्यंत गारच हवा फेकतो.

हे मी वसुधाला समजावलं होतं. डायलिसिसच्या पेशंटला फार थंडी वाजते. स्वेटर, शाल, वर माझं जाकीट घालून ती बसायची आणि म्हणायची, “लवकर गरम होत नाही का हो ही?”

“चार किलोमीटरमध्ये नाही होणार.”

मी प्रत्येक टाकीचं मायलेज डायरीत लिहितो. दरवर्षी डिसेंबरात आकडा सोळावरून बाराच्या आसपास येतो. त्या वर्षी तो पंधरावरच राहिला. आधी वाटलं, पंपावर टाकी नीट भरली नसेल. पुढच्या टाकीलाही पंधरा.

मग लक्षात आलं की डॅशबोर्डवरचा निळा दिवा लागत नाहीये. इंजिन गार असलं की हा दिवा लागतो आणि दोनेक किलोमीटरनंतर विझतो. मी गाडी सीपरी बाजारात इकबाल भाईंकडे नेली. पंधरा वर्षं माझ्या गाड्या तेच बघतात.

“सेंसर तो एकदम सही है साब,” ते म्हणाले. “इंजन गरम होगा, तभी नहीं जल रही बत्ती.”

“सुबह साढ़े छह बजे कहाँ से गरम होगा?”

“अब ये तो आप जानो,” म्हणून ते हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. पहाटेपासून दाट धुकं. टप दवाने निथळत होता, काचा पांढऱ्या झालेल्या... आणि बॉनेट कोरडं. हात ठेवला तर कोमट नव्हे, चांगलं गरम.

वसुधा गाडीत बसली. मी हीटर लावला तशी पहिल्या मिनिटापासून गरम हवा आली. तिने सवयीने हातमोजे काढून बोटं जाळीसमोर धरली. जाळ्या तिच्याकडेच वळवलेल्या असायच्या, म्हणून मला हे आधी कळलं नव्हतं. तेव्हा मी विचारलं, “हे आजच झालं?”

“नाही हो. महिना झाला. मला वाटलं तुम्ही दुरुस्त केलंत.”

मी शनिवारी पाहिलं. बॉनेट गार, दवाने ओलं. रविवारी गार. सोमवारी गरम. मंगळवारी गार. म्हणजे डायलिसिसच्या सकाळीच फक्त.

कोणी तरी डुप्लिकेट चावीने गाडी चालवतंय, हा माझा पहिला संशय. पण किलोमीटरचा आकडा हलत नव्हता, आणि नुसतं इंजिन चालू ठेवलं तरी पेट्रोल जळतंच. मायलेज पडायला हवं होतं, इथे ते वाढलेलं. तरी मी दोन्ही चाव्या वसुधाच्या फडताळात ठेवून कुलूप लावलं — कपाटाला ती अजून फडताळच म्हणते. वर मंगळवारी संध्याकाळी बॅटरीची तारच काढून घरात आणली. कारखान्यात बेअरिंगचं तापमान बघायला पिस्तुलासारखं थर्मामीटर वापरतात, तेही आणलं.

बुधवारी सकाळी बाहेर सहा डिग्री. इंजिन अठ्ठावन्न.

तार हातात घेऊन मी आकडा पुन्हा दोनदा घेतला. भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर चिडचिड झाली.

वर जाऊन वसुधाला सगळं सांगितलं. ती शांतपणे पोळी खात होती.

“मग?”

“मग काय? हे शक्य नाहीये.”

“गरम आहे तर आहे. इतना क्या सोचना? मला बरं वाटतं त्यात.”

जानेवारीच्या सुरुवातीला एका बुधवारी मी खाली गेलो तर गाडी गार. काच पुसली, निळा दिवा लागला. मला, लाज वाटते सांगायला, हायसं वाटलं — चला, संपलं एकदाचं. तेवढ्यात फोन वाजला. सेंटरची सिस्टर होती. “अंकल जी, पानी वाली मशीन बंद है, आंटी को अभी मत लाइए, दोपहर में आइएगा.”

मी फोन खिशात ठेवला आणि इंजिन बंद केलं. त्या दिवशी मी डायरीत काही लिहिलं नाही. काय लिहायचं, तेच कळेना.

त्यानंतर संक्रांत आली. शनिवारी कॉलनीतल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं. वसुधा आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच कुठे गेली होती. रविवारी आम्ही बरुआसागरला जायचं ठरवलं होतं. तळ्याकाठी उन्हात बसायचं, येताना ताजं आलं आणि भाजी आणायची. तिचीच इच्छा होती.

रविवारी साडेसातला मी काचा पुसायला खाली उतरलो. धुकं होतंच. बॉनेट कोरडं.

रविवार होता. रविवारी गाडी कधीच गरम नसायची. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आकडा घ्यायला हवा. म्हणजे मी वसुधासाठी वर धावलो नाही. मी थर्मामीटर आणायला वर गेलो.

ती पलंगाच्या काठावर बसली होती. साडी अर्धवट नेसलेली, एक पाय चपलेत, एक बाहेर.

“काय झालं?”

“काही नाही. पाय उचलत नाहीयेत. होईल आत्ता.”

“कधीपासून?”

“पहाटेपासून असं जड जड आहे.”

“मग उठवायचं नाही मला?”

“आपला बरुआसागरचा बेत... म्हटलं, उगाच मोडायला नको.”

एरवी मी काय म्हटलं असतं ते मला नक्की माहीत आहे. पडून राहा, दमली असशील, उद्या डायलिसिस आहेच. तोंडापर्यंत आलं होतं ते वाक्य. पण खाली गाडी गरम होती.

“चल,” म्हटलं. “आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल.”

“रविवारी? काय सांगणार तिथे?”

“चल तर खरी.”

जिन्यावरून तिला जवळजवळ उचलूनच आणलं. हीटर लगेच गरम. इलाइट चौराह्यावर पोचेपर्यंत तिची मान छातीवर झुकायला लागली होती. मी सारखा बोलत राहिलो, काय बोललो आठवत नाही.

इमर्जन्सीत ईसीजी काढला. तरुण डॉक्टर पट्टीकडे बघता बघता उठून उभा राहिला आणि सिस्टरला हाका मारू लागला. पोटॅशियम फार वाढलं होतं, हृदयाचे ठोके अडखळत होते. इंजेक्शनं दिली, तातडीने डायलिसिस लावलं. आदल्या दिवशी हळदीकुंकवाला तिने बोरं, पेरू, ऊस, सगळं थोडं थोडं खाल्लं होतं. किडनीच्या पेशंटला हे वर्ज्य असतं. “सगळ्या एवढ्या आग्रहाने देत होत्या,” ती नंतर म्हणाली, “आजारी आहे म्हणून किती जणींना सांगायचं?”

दुपारी डॉक्टर बाहेर आला. “अच्छा किया आप ले आए. कल सुबह का इंतज़ार करते तो...” मग त्याने विचारलं, “वैसे इतनी सी कमज़ोरी पर लोग आते नहीं हैं. आपको शक कैसे हुआ?”

मी सव्वीस वर्षं रिपोर्ट लिहिलेत. कारण विचारलं की कारण सांगायची सवय आहे.

“बस... ऐसे ही,” म्हटलं.

संध्याकाळी कपडे आणायला घरी निघालो तेव्हा पार्किंगमध्ये गाडी गार झाली होती. दिवसभर उभी होती, तेव्हा त्यात काही विशेष नाही. पण त्यानंतर ती कधीच आपोआप गरम सापडली नाही. सोमवारी नाही, बुधवारी नाही, पुढच्या पूर्ण हिवाळ्यात एकदाही नाही. निळा दिवा लागतो, मायलेज बारावर येतं.

वसुधाचं डायलिसिस चालू आहे. तब्येत बरी आहे. पेरूकडे बघतही नाही. आता मी तिच्या आधी पंधरा मिनिटं खाली जातो, गाडी चालू करतो आणि शेजारी उभा राहतो. उभ्या गाडीचं इंजिन असं तापवणं म्हणजे पेट्रोलची निव्वळ नासाडी, हे मला माहीत आहे. कॉलनीतले एक भाईसाब हसून म्हणतातही, “इंजीनियर साब, आप भी?”

परवा मी वसुधाला विचारलं, ते काय असेल असं तुला वाटतं.

तिने जरा विचार केला. “आधी कोणी तरी करत होतं. आता तुम्ही करता.”

“पण कोण?”

“मला काय माहीत,” म्हणाली, आणि हात हीटरसमोर धरले.

मलाही माहीत नाही. बॅटरीची तार घरात, चाव्या कुलपात, बाहेर सहा डिग्री आणि इंजिन अठ्ठावन्न. वाचकांपैकी कोणी याच क्षेत्रातलं असेल आणि हे कसं होऊ शकतं ते सांगू शकत असेल तर जरूर कळवावं. मी माझ्याकडून सगळं तपासून पाहिलंय. कारण सापडलेलं नाही.