पिवळ्या क्रेटच्या दोन फेऱ्या

मरोळच्या गावठाणात क्रुसासमोरच्या मोकळ्या जागेत एक पत्र्याचा डबा उभा असतो. दोन चाकं, पुढं जीपला अडकवायचा लोखंडी दांडा, सात फूट लांबी, पाच फूट रुंदी. आत दोन माणसं झोपतात. म्हणजे झोपायची. गावठाण त्याला इसिडोरचा डबा म्हणतं. इसिडोरच्या तोंडावर मात्र ट्रेलर म्हणायचं, कारण डबा म्हटलं की तो दिवसभर बोलत नाही. तसा एरवीही तो फार बोलत नाही, पण मग ते जाणवतं.

या गड्यानं एकतीस वर्षं चारकोपच्या एका शेडमध्ये पत्रा वाकवला. तिथं रुग्णवाहिकांच्या आतली कपाटं बनायची. वीतभर जागेत दहा वस्तू बसवायच्या आणि गाडी खड्ड्यात आपटली तरी एकही दार उघडता कामा नये, असलं ते काम. निवृत्त झाला तेव्हा हात रिकामे झाले. मग शेडमधला उरलासुरला पत्रा आणि भंगारातली दोन चाकं आणून आठ महिने ठोकत बसला. बायको एमिलिया म्हणाली, बरं झालं, दारू प्यायला लागला नाही.

डबा त्यानं बांधला, पण आतलं राज्य एमिलियाचं. ती मनोरीची. घरात नऊ भावंडं, खोली एक आणि भिंतीला नऊ खिळे. ज्याचा त्याचा खिळा, आणि खिळ्यावर मावेल तेवढंच आपलं. लग्न होऊन मरोळला आली आणि दोन खोल्या बघून तिनं विचारलं होतं की एवढ्या जागेत तुमची माणसं हरवत नाहीत का.

पहिल्या फेरीला इसिडोरनं डबा लग्नघरासारखा भरला. तीन पातेली, लोखंडी शेगडी, अवजारांची पेटी, दोन गाद्या, वर बापाच्या वेळचं पाग. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. इसिडोरचा बाप खाडीत फेकायचा, इसिडोरनं जन्मात कधी फेकलं नव्हतं. माणगावच्या पुढं डबा प्यायलेल्या रेड्यासारखा डुलायला लागला. जीप एकीकडं, डबा एकीकडं. एमिलियानं गाडी थांबवायला लावली, पदर खोचला आणि निम्मं सामान एका चहावाल्याच्या झोपडीत उतरवलं. परत येताना चहावाला म्हणाला, घेऊन जा. ती म्हणाली, गेले सहा दिवस लागलं नाही, आता कशाला लागतंय.

घरी आल्यावर तिनं कायदा केला. माणशी एक क्रेट आणि एक खिळा. त्याचं क्रेट निळं, तिचं पिवळं, दोन्ही त्यानंच जाड पत्र्यातून ठोकलेली. मासळीवाले वापरतात तो लटकता काटा तिनं दाराच्या चौकटीला टांगला. क्रेट नऊ किलोच्या वर गेलं की काहीतरी खाली. डाव्या अंगाला गॅस आणि शेगडी, उजव्या अंगाला त्या भाराला तोल म्हणून तिचं पिवळं क्रेट, पुढं दांड्याजवळ त्याचं निळं. असं बसवलं की डबा सुतात चालायचा. आणि शेवटचं कलम असं की दोन फेऱ्यांत जी वस्तू वापरली गेली नाही, ती उतरवायची. मग ती कोणाचीही असो.

पाग दोन फेऱ्या तसंच राहिलं. दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या संध्याकाळी इसिडोरनं ते गुपचूप काढलं, झटकलं, नीट घडी घालून परत ठेवलं. एमिलिया मागं उभी होती.

"हात लावला म्हंजे वापरलं नाय," ती म्हणाली. "जालं ओलं झालं काय? नाय ना? मंग उतरव."

दोन दिवस तो फुगून बसला. तिसऱ्या दिवशी जाळं गोराईच्या आतेभावाला देऊन आला. महिन्याभरानं आतेभावानं त्याच जाळ्यातली बोयटं पाठवली. एमिलियानं ती तळली आणि नवऱ्याच्या ताटात वाढताना एवढंच म्हणाली की बघ, जाल्याला पानी मिळालं.

असं सहा वर्षं चाललं. केळशी, दिवेआगर, वेळास. ती समुद्राकडं तोंड करून बसायची, गवताची टोपी घालून, आणि तो डब्याचे बोल्ट तपासायचा. बोलणं तेवढंच. पण संध्याकाळी शेगडीवर कालवण चढलं की तिचा बाटली मसाला पडायचा आणि शेजारच्या तंबूतली माणसं नाक वर करायची. हा मसाला एमिलिया दर मे महिन्यात करायची. वीस-बावीस जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, कुटून, बिअरच्या तपकिरी बाटलीत काठीनं ठासून भरायची. भरलेल्या बाटल्यांतली एक कायम पिवळ्या क्रेटमध्ये.

मग पोटाचं दुखणं निघालं. तीन महिन्यांचा खेळ. इस्पितळात जायच्या सकाळी तिनं स्वतःची पिशवी स्वतः भरली. एक टॉवेल, ब्रश, जपमाळ, चष्मा. मुलगी यव्होन गाऊन भरत होती, चपला भरत होती. एमिलियानं सगळं बाहेर काढलं.

"जास्ती नको गं. नेनारी मी हाय, पन परत आननारा तुझा पप्पा हाय."

आणणारा पप्पाच झाला, माती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. पिशवी घेऊन रिक्षात बसला, मांडीवर धरली. इतकी हलकी होती की मरोळ नाक्याला पैसे काढताना सीटवर ठेवली ती तो विसरला आणि रिक्षामागं पळाला. साठी उलटलेला बाप्या, भर रस्त्यात, काळ्या कपड्यात. पिशवी मिळाली.

चष्मा आणि जपमाळ त्यानं पिवळ्या क्रेटमध्ये ठेवली. वर्षभर डबा हलला नाही. यव्होन दर रविवारी यायची. मम्मीचं क्रेट घरात आण, मी कपाटात नीट लावते, असं म्हणायची. शेवटी एकदा इसिडोरनं उत्तर दिलं.

"दोन फेऱ्या होऊ दे."

यव्होनला कायदा पाठ होता. पुढच्या रविवारपासून तिनं क्रेटचा विषय सोडला.

पहिली फेरी केळशीची. क्रेट काट्याला टांगलं, नऊ किलो. त्याच्या खिळ्यावर त्याची बंडी, तिच्या खिळ्यावर टोपी. चार दिवस तो एकटा राहिला. पाव आणि अंडी खाल्ली. रात्री मधली जागा सोडून एका कडेला झोपला, सवयीनं. क्रेटच्या झाकणाला हात लावला नाही. परत आला.

दुसरी फेरी नोव्हेंबरात, मेलेल्यांचा सण झाल्यावर. कबरीवर मेणबत्ती लावली, झेंडू ठेवला आणि दुसऱ्या दिवशी जीप दिवेआगरला काढली. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी निघायचं होतं आणि क्रेट तसंच होतं.

तिसऱ्या संध्याकाळी त्यानं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या अंगाला तिच्या अक्षरात यादी चिकटवलेली. दोन झगे. टॉवेल. सुईदोरा. गुडघ्याची गरम पाण्याची पिशवी. नोव्हेनाच्या प्रार्थनेचं पुस्तक. बाटली एक. सगळ्यात वर चष्मा आणि जपमाळ, ती यादीत नव्हती.

एकेक वस्तू काढून परत ठेवावी, एवढंच मनात होतं. हात लागला की झालं. पण हात झग्यावर गेला आणि त्याला पाग आठवलं. ओलं झालं काय?

तो खाली बसला. झगे त्याला येणार नव्हते. चष्म्याचा नंबर वेगळा. नोव्हेना त्यानं कधी म्हटली नव्हती आणि आता म्हटली असती तर तिनंच वरून हसून वाट लावली असती. टॉवेल आणि सुईदोरा त्याच्या निळ्या क्रेटमध्येही होता, आणि गुडघे त्याचे धड होते. वापरता येईल अशी एकच वस्तू होती. बाटलीचं बूच तिनं मेणानं बंद केलेलं. तिनं कुटलेला हा शेवटचा मसाला, घरातल्या बाकी बाटल्या दुःखात आलेल्या माणसांच्या जेवणात केव्हाच संपल्या होत्या. उघडली की संपणार. नाही उघडली तर उद्या उतरवायची.

अंधार पडायच्या आधी तो किनाऱ्यावर गेला. कोळणीकडून मांदेली घेतली. चाकूनं मेण खरवडलं, बूच काढलं. वास आला तेव्हा त्यानं बाटली जरा लांब धरली. किती घालायचा ते त्याला माहीत नव्हतं. एमिलिया चमचा वापरायची नाही, बाटली उपडी करून दोनदा तळवा मारायची. त्यानं दोनदा मारला. त्याचा तळवा जड, पत्रा ठोकलेला. भसकन दुप्पट मसाला पडला.

कालवण तिखटजाळ झालं, आणि सवयीनं दोघांचं झालं. त्यानं सगळं खाल्लं. नाकातोंडातून पाणी वाहत होतं आणि ते तिखटाचंच होतं, असं कोणी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.

घरी आल्यावर त्यानं क्रेट उतरवलं. फक्त बाटली काढून निळ्या क्रेटमध्ये ठेवली. झगे चर्चच्या पेटीत गेले. चष्मा आणि जपमाळ यव्होननं नेली. गरम पाण्याची पिशवी शेजारच्या काशीरामला, त्याची कंबर धरते. टोपी त्यानं द्रौपदीला दिली. ती नाक्यावर उन्हात भाजी घेऊन बसते. पुढचे काही दिवस तो नाक्याकडून गेला नाही, मागच्या गल्लीनं गेला. नंतर गेला. द्रौपदी ती टोपी घालून पाठमोरी बसली होती. त्यानं अर्धा किलो भेंडी घेतली, जी तो खात नाही.

डबा मात्र बिघडला. पवईच्या चढावर नुसता फिरवून आणला, तर डावीकडं कललेला. गॅसच्या अंगाला भार आणि उजवं अंग रिकामं. काशीराम गॅरेजवाला आहे, त्यानं खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "इसिडोर, स्प्रिंगचा पाटा खराब नाय झाला रे. उजवीकडनं नऊ-दहा किलो कमी झालंय. वालू भर."

इसिडोरनं गोणीत वाळू भरली. चौकटीच्या काट्याला टांगली, थोडी काढली, थोडी घातली, बरोबर नऊ किलो केली आणि पिवळं क्रेट असायचं तिथं पट्ट्यानं आवळून बांधली. डबा पुन्हा सुतात चालायला लागला.

तो अजून जातो, वर्षातनं तीन-चार वेळा. बाटली बरोबर असते. दोन फेऱ्यांत एकदा वापरायलाच लागते, नाहीतर उतरवायला लागेल. यव्होन म्हणाली, मी मम्मीच्याच वीस-बावीस जिन्नसांचा नवा मसाला करून देते. तो म्हणाला, कर, तुझ्या घरी ठेव. आता तो तळवा मारत नाही. चमच्याच्या टोकावर येईल तेवढाच घेतो, आणि मसाला बाटलीच्या तळाशी आला तसा त्याहून कमी.

हल्ली इसिडोरचं कालवण पाण्यासारखं फिकं असतं. तो मीठ वाढवतो आणि खातो.